उपडी कढई

९ जून २०२५, सोमवार

हजर झाले एकदाची. हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बसून आले. उपकेंद्राला रंग नवा आहे, नळाला पाणी नाही आणि माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. कागदोपत्री मी समुदाय आरोग्य अधिकारी. गावाने पहिल्याच दिवशी ‘सिस्टर बाई’ करून टाकलं. संगमनेर सोडून इतक्या लांब आले म्हणून आई फोनवर रडली. बाबा म्हणाले, अनुभव मिळेल. बायपास झाल्यापासून बाबांना सगळ्यातच अनुभव दिसतो.

दुपारपर्यंत चाळिशीच्या पुढच्या लोकांचा रक्तदाब तपासला. निम्म्यांचा चढलेला. पुनम नावाची इथली आशा कार्यकर्ती माझ्यासोबत असते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, गावचीच सून. ती म्हणाली, फाट्यावर मसाजींचं भज्यांचं हॉटेल होतं. गेल्या महिन्यात मसाजी कढईसमोरच कोसळले, हातात झारा तसाच. हार्ट. "ह्या रस्त्यानं जाणारं कोनी त्यांचं भजं खाल्ल्याबिगर पुढं जात न्हवतं, मॅडम."

म्हणजे आरोपी सापडला. कढई. मी इथे काय करायचं ते ठरलं: या गावाचं तेल कमी करायचं. बाबांच्या वेळी मला काही करता आलं नव्हतं, सगळं आधीच होऊन बसलं होतं.

रात्री वरणभात. फोडणी न घालता.

१४ जून, शनिवार

मसाजींच्या घरी जाऊन आले. त्यांची बायको चांगुणाबाई, साठीच्या अलीकडची, उंच, हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. वजनकाट्यावर उभं केलं तर म्हणाली, "बाजारात बकरू जोखतेत तसं जोखून राहिल्या का मला?" एकावन्न किलो. तिच्या उंचीला ठीक.

मुलगा शिवहार पुण्याला कंपनीत आहे, दिवसकार्य झाल्यावर परत गेला. बाई एकटी. पण खरी गंमत पुढेच आहे. या घरात तेलाचा वास नाही. हॉटेलातली ती प्रसिद्ध कढई, चांगली परातीएवढी, चुलीमागे भिंतीला उपडी घातलेली. तिच्यावर धूळ.

"मावशी, तळण बंद केलं वाटतं?"

"बंदच हाय. आता कोनासाठी तळू?"

"शाबास," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. पुनम मध्येच बोलायला लागली, "मॅडम, त्यांचं अजून..." मी म्हटलं, नंतर सांग, आधी रक्तदाब लिहून घे. या बाईला मध्ये बोलायची फार सवय आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. नवरा गेला आणि बाईने तेल सोडलं. शंभर व्याख्यानांनी होत नाही ते एका मरणाने झालं. लिहिताना जरा कसंतरी वाटतं, पण खोटं कशाला लिहू.

२७ जून, शुक्रवार

आखाड लागला आणि गावाला तळणीचं भूत लागलं. आमच्याकडेही आखाड तळतात, पण एखाद्या दिवशी, तोंडी लावायला. इथे रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या, गुलगुले, भजी. लेकी माहेरी येतात, डबे भरभरून सासरी नेतात. उपकेंद्राच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या तरी वास आत येतो. माझी डाळ बिचारी तिकडे आपली शिजते आहे.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बायकांना जमवलं. सगळं सांगितलं. माणशी महिन्याला अर्ध्या किलोवर तेल नको. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, धूर निघेपर्यंत तर नकोच. सोडा कमी. मीठ कमी. आणि भजी पेपरात बांधू नका, छापलेल्या कागदाची शाई गरम तेलात सुटते आणि पोटात जाते. शेवटचं ऐकून बायका हसायला लागल्या. शिवकन्या म्हणून एक आहे, बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. ती म्हणाली, "मॅडम, आमची लेकरं पेपर खाऊनच शिकली, शाळेत कवा गेली?" पुन्हा हशा. मग म्हणाली, "आन आखाडात न्हाई तळायचं तं कवा तळायचं? ज्याच्या घरी आखाड तळत न्हाई त्याचं काय खरं हाय?"

चांगुणाबाई मागे खांबाला टेकून बसली होती. ती एकटीच हसली नाही. मला वाटलं, आहे, एक तरी माणूस गंभीरपणे ऐकणारं आहे.

घरी येताना इतका वास होता की चक्क चक्कर आली. भूक असावी.

५ जुलै, शनिवार

साहेबांचा फोन. जिल्ह्याच्या बैठकीत प्रत्येक केंद्राने एक यशोगाथा मांडायची आहे, फोटोसह. साहेब हिंगोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात, पण यशोगाथा पाहिजे म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर एकच घर आलं.

लगेच गेले. वजन अठ्ठेचाळीस. तीन किलो खाली! तीन आठवड्यांत. पुनमला म्हटलं, बघ, तेल सोडलं की काय होतं. पुनम काट्याकडे बघत राहिली. "मॅडम, हे बराबर न्हाई वाटत," म्हणाली. मी म्हटलं, काटा बरोबर आहे, मी स्वतः शून्यावर आणला.

चांगुणाबाई जेवत होती. ज्वारीची भाकर, पाण्यात कालवलेलं तिखट. मीच म्हटलं, "मावशी, चटणीवर थेंबभर तेल घेतलं तर चालतं हो." ती म्हणाली, "न्हाई लागत." अर्धी भाकर तशीच झाकून ठेवली. किती हा निग्रह. मला स्वतःची लाज वाटली, कारण सकाळपासून मी शिवकन्येच्या घरून आलेल्या पुऱ्यांच्या डब्याभोवती घिरट्या घालत होते. शेवटी डबा शिपायाला देऊन टाकला.

११ जुलै, शुक्रवार

गोरेगावला जाऊन प्रमाणपत्र छापून आणलं. चांगला जाड कागद, कडेने सोनेरी वेलबुट्टी. मजकूर मी स्वतः लिहिला आणि मला तो आवडला आहे: ‘श्रीमती चांगुणाबाई मसाजी यांच्या घरात कढई चढत नाही. सर्व गावाने हा आदर्श घ्यावा.’ छापणारा मजकूर वाचून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, असंच छापायचं का?" मी म्हटलं, एक अक्षर बदलू नका.

आता खरं काय ते लिहिते. स्टँडवर गाडीची वाट बघताना मिरचीची भजी खाल्ली. एक प्लेट. मग अजून एक. पेपरात दिली होती, शाईसकट खाल्ली. कुणी ओळखीचं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं, ते मिरचीचं.

१५ जुलै, मंगळवार

हे रागात लिहिते आहे.

पारावर कार्यक्रम ठेवला होता. गर्दी चांगली जमली. मी बोलले, मग चांगुणाबाईला पुढे बोलावलं. ती यायला तयार नव्हती, पुनम तिला आणायला उठेना, म्हणून मीच हाताला धरून आणली. प्रमाणपत्र हातात दिलं. ती म्हणाली, "काय लिवलं हाय याच्यावर?" मी माईकवर मोठ्याने वाचून दाखवलं. चांगुणाबाईंच्या घरात कढई चढत नाही. सर्व गावाने हा आदर्श घ्यावा.

टाळ्या नाहीत. एक टाळी नाही. पारावरचे म्हातारेसुद्धा खाली बघायला लागले. मला वाटलं माईक बंद पडला, म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

मग शिवकन्या उठली. "चला गं," म्हणाली, आणि बायका उठून चालत्या झाल्या. जाता जाता म्हणाली, मला ऐकू जाईल असं, "कोनाच्या घरावर असं लिवून देते का कोनी? वरून म्हनते साऱ्या गावानं घ्या." चांगुणाबाईने कागदाची नीट घडी केली, पदराखाली धरला आणि गेली. रागावली नाही, रडली नाही. फोटोही राहिला.

मत्सर, दुसरं काय. एकीला मान मिळाला की दुसरीच्या पोटात दुखतं. तेलावर बोलणारीला गाव असंच वागवणार. पुनमला म्हटलं, तुझं गाव असं कसं आहे? तिने सायकल घेतली आणि निघून गेली.

१८ जुलै, शुक्रवार

ओपीडीला कुणी नाही. गोळ्या संपलेला एक म्हातारा आला, तो बहिरा आहे, त्याला बहुतेक काही कळलं नसावं.

बदलीचा अर्ज लिहायला घेतला. ‘गावाचे असहकार्य’ इथपर्यंत आला आणि थांबला. दिवसभर दारातून खुर्चीत, खुर्चीतून दारात. आखूड पायाखाली गोळ्यांचं खोकं सारलं तरी खुर्ची हलते.

२४ जुलै, गुरुवार

आज आखाडाचा शेवटचा दिवस. सकाळी शिवकन्याच धावत आली, हापशावर चांगुणाबाई पडली म्हणून. बैलगाडीत घालून आणली. रक्तदाब नव्वद-साठ. ओठ पांढरे. हिमोग्लोबिन सात. काट्यावर उभी राहू शकत नव्हती, म्हणून मी तिला धरून दोघींचं वजन केलं आणि माझं वजा केलं. पंचेचाळीस. वजाबाकी दोनदा केली. माझे हात तिच्या काखेत होते, बरगड्या हाताला लागत होत्या. आणि मी या बाईचं वजन कमी झालं म्हणून टाळ्या मागत होते.

सलाईन लावलं. ती झोपली. मग बाहेर ओट्यावर पुनमला विचारलं, ही खाते काय?

"काय खाणार? खावं वाटलं पाहिजे ना मॅडम. कढई चढली न्हाई त्यांची अजून."

"म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करते आहे का ते बघत. मग सांगितलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात तळण करत नाहीत. दिवस झाले तरी नाही. पुढे पहिला सण आला की बाईच्या माहेरचं माणूस तेल आणि पीठ घेऊन येतं, आपल्या हाताने कढई चढवतं, पहिला घाणा काढतं, बाईला खायला लावतं. मग ते घर पुन्हा चालू होतं. फोडणी, सण, हसणं, सगळं त्याच्यानंतर. तोवर कढई उपडी. आमच्याकडे तेराव्याला गोडाचं झालं की झालं. मला हे ठाऊकच नव्हतं.

चांगुणाबाईचा एकच भाऊ, तातेराव, आखाडा बाळापूरला. तो येतच नाही. मसाजी गेले तेव्हा मे महिन्याचं ऊन. शिवहार पुण्याहून पोचला आणि लगेच माती उरकली, अग्नी दिला, भावासाठी थांबले नाहीत. भाऊ फाट्यावर उतरला तेव्हा सगळं संपलं होतं. तो तिथूनच मागे फिरला. आखाडात तरी येईल म्हणून गाव वाट बघत होतं. आखाड आज संपला.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"तुमी सांगू देलं का? आन मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय. मला वाटलं, मॅडमचं काळीजच दगडाचं हाय." आणि पुनम रडायला लागली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी एका बाईच्या हातात छापील कागद दिला, तुझ्या घरचं सुतक कधी फिटत नाही म्हणून, आणि गावाला सांगितलं, तुमचंही असंच होवो. दोनदा वाचलं. माईकवर.

२५ जुलै, शुक्रवार

माफी मागायला गेले. ती बाजेवर पडून होती. मी काय काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी लई बोलता बाई. पानी प्या."

मग मी म्हटलं, मावशी, आता तेल खायचं. शेंगदाणे, तीळ, दूध, वरणावर तूप. अंगात काही राहिलेलं नाही. ती पहिल्यांदा हसली. "कागदावर तं लिवून देलं, सर्टिफिकीट देलं. आता खा म्हनता. एक काय ते ठरवा की."

लोहाच्या गोळ्या दिल्या. हिंगोलीला दाखवू म्हटलं तर नाही म्हणाली. जिभेला चवच नाही, म्हणाली. "पीठ ते कालवायचे. किती मीठ, किती ववा, त्यांच्या हाताला ठाव. मी निस्तं सोडायची तेलात. गिऱ्हाईक म्हनायचं चांगुणाबाईची भजी. माझं काय होतं त्याच्यात?"

कागद तिने फेकला नव्हता. भिंतीतल्या देवळीत घडी करून ठेवलेला दिसला. मी परत मागितला. "राहू द्या," म्हणाली. "देलेली वस्तू मागत असतेत का?"

३ ऑगस्ट, रविवार

आखाडा बाळापूरला जाऊन आले. कुणाला न सांगता. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, सगळ्या गाड्या बदलत. सोबत रक्तदाबाचं यंत्र घेतलं, का ते माहीत नाही. रिकाम्या हाताने जायला भीती वाटली असावी.

तातेराव मामा. बहिणीसारखेच उंच, बहिणीहून हट्टी. मेंढरं आहेत, थोडी जमीन आहे. चहा दिला, मग म्हणाले, "तिनं निरोप धाडला का?"

"नाही. मी माझी आले."

"मंग कसं यावं? मातीला थांबले न्हाईत. मी काय परका होतो? फाट्यावर उतरलो तं धूर दिसला. धूर. भाऊजीचं तोंड पाह्यलं न्हाई मी. मी तिथं रस्त्यावर उभा, आन कोनी म्हनलं न्हाई, या."

मी सांगितलं, तिचं असं असं झालंय. ऊन होतं, देह ठेवण्यासारखा नव्हता, ती शुद्धीवर नव्हती. ते ऐकून घेत होते आणि दर वेळी तिथेच येत होते. तिनं बोलवावं. मग मी येतो. माझं डोकं फिरलं. मी उठले आणि म्हटलं, "मामा, तुमच्या रुसव्याचं वजन मी केलंय. सहा किलो भरलं. अजून चार-पाच किलो रुसा, मग तुम्हाला पुन्हा मातीलाच बोलावतील. त्या वेळी थांबायला सांगेन मी."

असं बोलायचं नसतं. मी सरकारी नोकर आहे. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी यंत्र तिथेच विसरले आणि चालू लागले, मग ते घ्यायला परत जावं लागलं. त्याहून वाईट काही नसतं. ते तसेच बसलेले होते. म्हणून मग रक्तदाबही तपासला. एकशे साठ-शंभर. गोळी घ्या, मीठ कमी करा, म्हटलं आणि आले.

येताना पूर्ण रस्ताभर स्वतःशी भांडले. परत एकदा गेले आणि परत एकदा नुसती बोलून आले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कुणी आलं नाही. वजन तेच, पंचेचाळीसला थोडं कमी. तिला रोज दुपारी उपकेंद्रात बोलावते, गोळी द्यायची आहे म्हणून, आणि समोर बसवून वरणभात तूप घालून खायला लावते. चार घास खाते. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, ती मात्र पोटभर.

आज न राहवून म्हटलं, "मावशी, मी चढवते कढई. मी बाहेरची आहे, मला कुठे सुतक?"

"तुमी कोन माझ्या?"

"मावशी म्हणते की तुम्हाला."

"मावशी तं कंडक्टर बी म्हनतो." मग ताट सारून, "वाईट नका वाटून घेऊ बाई. ते माहेरच्याच हाताचं काम हाय. बाप गेला तवा मामा आला होता आईसाठी. मी लहान होते, पहिली पुरी मलाच देली होती. तवापून तेलाचा वास आला की मला वाटते, कोनी तरी आलं."

बदलीचा अर्ज काढून पाहिला. पुढे लिहावंसं वाटलं नाही, फाडावासाही वाटला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दुपारी पुनम पळतच आली. "मॅडम, आले." कोण ते विचारलं नाही. चप्पल घालायची राहिली.

तातेराव मामा अंगणात बसलेले. शेजारी करडीच्या तेलाचा डबा, बेसनाची पिशवी, नव्या फडक्यात कांदे-मिरच्या. चांगुणाबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दारातच उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. गावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी कुठे उभं राहावं ते मला कळेना.

मग मामा म्हणाले, जमिनीकडे बघत, "मी फाट्यावर होतो. धूर दिसला."

ती म्हणाली, "ऊन लई होतं, दादा."

एवढंच. मी इतकी वाक्यं तयार करून ठेवली होती मनात. मामा उठले, आत गेले, कढई दोन्ही हातांनी उचलून सरळ केली. आतून गंज चढला होता. त्यांनी ती अंगणात आणून राखेने आणि चिंचेने घासली, चांगला वेळ घासली, कुणाला हात लावू दिला नाही. चुलीवर ठेवली. तेल ओतलं.

आणि मग बेसनात इतकं पाणी घातलं की त्याची कढी झाली.

चांगुणाबाई दारातून बघत होती. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. "असं कालवतेत का?" म्हणाली. मामा म्हणाले, "मला काय ठाव? मेंढरं राखतो मी." ती आली, पाटावर बसली, पिशवीतलं उरलेलं बेसन टाकलं, मीठ चिमटीत घेतलं आणि चिमटी तशीच धरून थांबली. किती घालायचं ते तिला माहीत नव्हतं. ते मसाजींना माहीत होतं. मग तिने डोळे मिटले, मीठ सोडलं, चिमटी पुन्हा भरली आणि पहिल्याच्या निम्मं सोडलं. ओवा तळहातावर चोळून टाकला. पहिला घाणा मात्र मामांनीच सोडला, वेडावाकडा, हाताला चटका बसला तरी. हातातला झारा मसाजींचाच.

कधी कोण जमलं कळलं नाही. शिवकन्या होती, पुनम होती, पारावरचे म्हातारे होते. भजी निघाली तशी चांगुणाबाई इकडेतिकडे बघू लागली. "कागद पाहिजे, तेल टिपायला." शिवकन्येने पेपर पुढे केला. "ते नको," चांगुणाबाई म्हणाली, उठली, देवळीतून घडी काढली आणि ताटात पसरली. सोनेरी वेलबुट्टी खाली, कोरी बाजू वर.

"मागून कोरा हाय," मला म्हणाली. "छापलेल्या कागदावर देऊ न्हाई, तुमीच सांगितलं ना?"

आधी शिवकन्या हसली, मग सगळे. मीसुद्धा, पण माझा हसण्याचा आवाज मध्येच बिघडला.

मामांनी एक भजं फुंकून बहिणीच्या तोंडाशी धरलं. तिने खाल्लं. सावकाश, बराच वेळ चावत. आम्ही सगळे तिच्या जबड्याकडे बघत होतो. "मीठ कमी पडलं," म्हणाली, आणि रडली. जून महिन्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि मी त्याला निग्रह समजत होते.

मामांना मी चारच भजी खाऊ दिली. गोळी चालू आहे, म्हणाले. मी किती खाल्ली ते लिहीत नाही. कढईत उरलेल्या तेलाकडे बघत होते तर चांगुणाबाई म्हणाली, "पुन्हा न्हाई तळत त्याच्यात, भिऊ नका. उद्या फोडणीला घेते."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांचा फोन. यशोगाथेचं काय झालं, आणि प्रमाणपत्रासह त्या बाईंचा फोटो अजून आला नाही. मी सांगितलं, प्रमाणपत्र तेलकट झालंय. म्हणाले, दुसरं छापून घ्या. मी म्हटलं, नको, एक पुरे झालं.

दुपारी तिचं वजन केलं. सेहेचाळीस. आता कुणाला धरावं लागत नाही, आपली आपण चढते आणि उतरताना बकऱ्याचं तेच पुन्हा म्हणते. रजिस्टरमध्ये शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. मी कधी भरत नाही. आज लिहिलं: कढई चढली.